पैठणीची मागची बाजू

येवल्याचं लग्न आटोपून एसटीनं नाशिकला परतत होते. अंगावर पैठणी होती, नवऱ्यानं ‘हातमागावर खास विणून घेतलीय’ म्हणून दिलेली. शेजारच्या विटक्या लुगड्यातल्या म्हातारीची बोटं माझ्या पदराखाली शिरली. मी पर्स घट्ट धरून खेकसले, “काय चाललंय?”

“सवय हाय बाई. घरात माग व्हता. ल्हानपणापासून दिसंल त्या कापडाची मागची बाजू चाचपते. आता डोळे मिटूनबी कळतं. हातमागाची दोन्ही बाजूंनी सारखीच असती. ही मशिनवरची हाय.”

चोर ती चोर, वर शहाणपण! मी उठून दुसरीकडे बसले.

घरी येऊन पदर उलटा केला. मागे सुटे धागे लोंबत होते.

नवरा हसत समोर आला. माझी बोटं नकळत त्याच्या शर्टाची बाही उलटू लागली.