मागच्या चाकाची हवा

आमच्या घरी फटफटी आली तीच मुळी मागच्या चाकाची हवा जाणारी. विकणाऱ्याला ते ठाऊक असणारच, पण विकणारा कधी बोलतो का? लढाई संपल्यावर भिंगारच्या छावणीतलं लष्करी सामान विकायला निघालं होतं. त्यातली ही एक शेवाळी रंगाची गाडी माझ्या डॉक्टर नवऱ्याने नगरहून चालवत आणली. सोनईपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तोवर यंत्र म्हणजे फक्त पिठाची गिरणी. मामंजींनी फटफटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "त्यापेक्षा घोडी घ्यायची. निदान शिंगरू तरी झालं असतं."

बोलले आणि एकदम गप्प झाले. मी दाराआड उभी होते ते त्यांना उशिरा दिसलं.

आमच्या घरात त्या वर्षी पिलांचा विषय निघत नसे. मी राहात्याला माहेरी बाळंत झाले होते. मुलगा झाला आणि बारशाच्या आधीच गेला, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. त्या दिवसांत आमच्या भागात पटकीची साथ होती आणि हे गावोगाव सुया टोचत फिरत होते. निरोप पोचून ते राहात्याला येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बापाने मुलाचं तोंड पाहिलं नाही. मी रिकाम्या ओटीने सासरी परत आले.

मला कुणी बोल लावला नाही, हे खरं ते सांगते. पण गेलेल्या तान्ह्याचा विषय काढू नये, पुढच्याला बाधतं, अशी समजूत. म्हणून सगळे माझ्याभोवती पाय न वाजवता वावरायचे. रात्री-अपरात्री रोगी येतात म्हणून हे बाहेर दवाखान्याच्या पडवीत झोपायचे आणि मी माजघरात सासूबाईंच्या शेजारी. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायची पद्धत नव्हती. पाणी हवं असलं तर हे भिंतीकडे बघून म्हणायचे, "जरा पाणी मिळेल का?" आणि मी तांब्या ठेवून निघून जायची. आमच्या दोघांचं मूल गेलं होतं आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. मला ते आतून खात होतं. त्यांनाही खात असेल का, हेसुद्धा मला कळायला मार्ग नव्हता.

तर त्या चाकाचं. संध्याकाळी टणक असलेलं चाक सकाळी बसलेलं असायचं. ह्यांनी ट्यूब काढून आंघोळीच्या घंगाळात बुडवून पाहिली, पण बुडबुडा म्हणून आला नाही. सासूबाईंनी नंतर ते घंगाळ चिंच लावून असं घासलं की पितळ झिजायचंच बाकी राहिलं. मग ठरलं की रोज सकाळी हवा भरायची. पंप फटफटीबरोबरच आलेला, तिच्यासारखाच जुना. त्याच्या नळीचे आटे गेलेले, त्यामुळे एकाने नळी चाकाच्या तोंडाशी दाबून धरायची तेव्हा दुसऱ्याने पंप मारायचा. नळी धरायला माणूस कोण द्यायचं यावर घरात विचार झाला. मामंजींची कंबर धरलेली. कंपाउंडर सोनईहून चालत यायचा तो उन्हं वर आल्यावर. सासूबाई पहाटेच स्नान करून सोवळ्यात असायच्या, आणि रस्त्यावरच्या शेणामातीतून फिरणाऱ्या चाकाचा त्यांना वारादेखील नको असायचा. निकाल त्यांनीच दिला. "सूनबाई धरेल. तिची आंघोळ व्हायची असते."

अशी मी रोज सकाळी चाकाशी उकिडवी बसू लागले. सुरुवातीला "धर" आणि "पुरे" एवढंच बोलणं. पण पंप मोठा आवाज करायचा आणि त्या आवाजात माणसाचं बोलणं बुडून जातं, हे ह्यांच्या ध्यानात आलं. मग ते खाली मान घालून पंप मारता मारता बोलू लागले. घोडेगावच्या एका म्हातारीने बरं वाटल्याच्या आनंदात ह्यांना जिवंत कोंबडा देऊ केला. हे म्हणाले, "आमच्यात चालत नाही." तर म्हातारी म्हणाली, "मंग पाळा की. पहाटं उठवंल तुमाला." मला असं हसू आलं की हात सुटला, नळी तिरपी होऊन चाकाच्या तोंडातला खिळा दाबला गेला, भरलेली हवा निघून गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मग एका सकाळी, माझ्याकडे न बघता, पंपाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तो दिसायचा कुणासारखा?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामंजी ओसरीवर खाकरले, "झालं की नाही चाक?" ह्यांनी पंप उचलला आणि हळूच म्हणाले, "उद्या सांग."

त्या दिवशी भाकऱ्या थापताना मी त्याचं रूप आठवत होते. तशी रोजच आठवायची, पण त्या दिवशी सांगण्यासाठी आठवत होते. कपाळापासून सुरू करावं की कानांपासून, याचीसुद्धा मी जुळवाजुळव केली.

आणि नेमका त्याच दुपारी सोनईचा सायकलवाला खोकल्याचं औषध न्यायला आला. म्हातारा मुसलमान, अतिशय भला माणूस. मामंजींनी त्याला चाक दाखवलं. त्याने ट्यूब चांगली फुगवली, गालाशी धरून हळूहळू फिरवली आणि एका जागी थांबून तिथलं बारीक भोक ठिगळाने बुजवलं. मग टायरच्या आतून बोटं फिरवून बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक काढून दाखवलं. "ह्ये बगा. गाडीवर बसलं का टोचतंय, मंग रातभर हळूहळू हवा जाती. आता न्हाई जायाची हवा." मामंजी खूश झाले. त्या भल्या माणसाबद्दल माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी चाक दगडासारखं टणक. तिसऱ्या दिवशीही तसंच. हे अंगठ्याने दाबून बघायचे, एकदा माझ्याकडे बघायचे आणि गाडी सुरू करून निघून जायचे. मी पंप हातात घेऊन दारात उभी राहायची आणि तो पुन्हा खुंटीला लावून आत यायची. वाटायचं, एवढा मोठा मुलूख बाभळींनी भरलाय, एक काटा आमच्या वाट्याला येऊ नये? एका सकाळी सासूबाईंनी मला तशी उभी असलेली पाहिलं. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. मी पदराने पंप पुसत होते, आणि पंप ही काही पदराने पुसायची वस्तू नव्हे.

पुढे पौषातल्या एका सकाळी बघते तर चाक बसलेलं! मामंजींनी सायकलवाल्याचा यथेच्छ उद्धार केला. मी धावत पंप आणला. मनात म्हटलं, ह्यांनीच सोडली हवा, माझ्यासाठी. ह्यांच्या डोळ्यांतही काहीतरी हसू होतं. पंप सुरू झाला आणि मी थांबले नाही.

"कपाळ तुमचं होतं," मी म्हटलं. "कान तुमचेच, जरा बाहेर आलेले. रडण्याआधी खालचा ओठ पुढे काढायचा आणि मग रडायचं विसरूनच जायचा. माझं बोट धरलं की सोडायचा नाही. शेवटीसुद्धा धरलं होतं."

पंप चालूच होता. चाक केव्हाच भरलं होतं. नळी मी बाजूला धरली होती आणि हवा नुसती मातीत जात होती, तरी हे पंप मारतच होते. त्यांच्या नाकावरून थेंब गळताना मला आधी घामच वाटला. पौषातल्या थंडीत घाम कसला! मग म्हणाले, "मी नाव ठरवून ठेवलं होतं," आणि त्यांनी ते नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते आमच्या दोघांचं आहे.

त्यानंतर हवा अधूनमधून जातच राहिली. आमचं बोलणंही वाढत गेलं. कधी त्याच्याबद्दल, कधी भलत्याच कशाबद्दल. शेवटी मीच एकदा म्हटलं, "आता पुरे करा हो. मामंजींना संशय येईल."

हे पंप मारायचे थांबले. "मी? मला तर वाटलं तूच सोडतेस."

सोडलेली तर मीही नव्हती.

त्या दिवशी चाकाच्या तोंडावरची पितळी टोपी सापडेना. दोघांनी अंगणातली माती चिवडली, नाहीच मिळाली. दुपारी मी सासूबाईंची फुलांची परडी झटकायला घेतली तर झेंडूच्या देठांमध्ये टोपी! मग एकेक गोष्ट जुळत गेली. सासूबाई अलीकडे भर थंडीत एकाच सकाळी दोनदा आंघोळ करत होत्या. विचारलं तर म्हणायच्या, "कुत्रं शिवलं." आमच्या आळीत कुत्रं होतं एकच, तेही लंगडं. त्याला आमची पायरी चढवत नसे. पण सोवळ्याच्या बाबतीत सुनेने जास्त चौकशी करायची नसते, म्हणून मी गप्प बसले होते.

हे पडवीतून उठून परसाकडे जायचे तोवर सासूबाईंचं स्नान झालेलं असायचं. फुलं तोडायला त्या अंगणात यायच्या तेवढीच काय ती सवड. तेवढ्यात, ट्यूब बुडवली म्हणून घंगाळ झिजेपर्यंत घासणाऱ्या त्या बाई सोवळ्यात त्या चाकाला हात लावायच्या, टोपी काढायच्या, आतला खिळा दाबून हवा सोडायच्या, आणि पुन्हा विहिरीवर जाऊन गार पाणी अंगावर घ्यायच्या. मला रडूच कोसळलं. माझ्या आईनेही माझ्यासाठी इतकं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. टोपी गुपचूप चाकाला लावली. सासूबाई पहिलं स्नान उरकून अंगणात गेल्या तशी मी न्हाणीतल्या चुलीवर पाणी चढवलं आणि ते घंगाळात काढून ठेवलं. थोड्या वेळाने विहिरीवर न्यायची कळशी घ्यायला त्या परत आल्या. वाफ बघून दारातच थबकल्या.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं. "कुत्रं शिवलं तर गार पाणी नको."

बाहेर पंप सुरू व्हायची वेळ झाली होती आणि ह्यांची हाक यायची होती. मी जायला वळले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"माझेही दोन गेले, तुझ्या नवऱ्याच्या आधीचे. तुझ्या मामंजींशी त्यांच्याबद्दल अजून एक शब्द बोलले नाही मी." मग म्हणाल्या, "आमच्या वेळी फटफटी नव्हती गं."

आणि खाली वाकून घंगाळातलं पाणी सोसवतंय का ते हाताने बघू लागल्या.