त्या महिन्याचा विषय

लाल मिरचीचा ठसका लागला की ती सकाळ आठवते. मी शिकवायचे त्या शाळेत पाठ्यपुस्तकं नव्हती. ज्या प्रश्नाला मुलांचे सर्वाधिक हात वर होत, त्यावर आम्ही महिन्याचा अभ्यास आखायचो. त्या वेळी प्रश्न आला, “आपली मैत्रीण शाळेत काहून येत नाही?” विचारत विचारत आम्ही सगळे कळमना बाजाराकडच्या एका मिरचीच्या गोदामात पोचलो. आईशेजारी बसून ती मिरच्यांचे देठ खुडत होती. बोटं सुजली होती. मान वर न करता तिनं विचारलं, “बाई, सध्या कोणता विषय सुरू हाये?” वर्गातली एक मुलगी म्हणाली, “तूच वं.” “मंग शिकून झालं की मलेबी सांगजा,” ती म्हणाली. पुढे मी कितीतरी अभ्यासक्रम आखले. तिला जाऊन सांगावं असं एकातही काही निघालं नाही.