बिनसायलेन्सरची डॉक्टरीण

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका इस्पितळात डॉक्टर होते. इस्पितळातली आधीची मोठी डॉक्टरीण, एक गोरी बाई, मायदेशी परत जाताना आपली जुनी मोटार मला देऊन गेली. मोटार हाकायला तिनंच मला शिकवलं होतं. थांबवायला शिकवायच्या आधी तिची बोट सुटली, असं माझा दादा म्हणत असे. पण बाईमाणूस मोटार हाकतंय हे पाहायला खेड्यापाड्यांतून लोक वाटेवर उभे राहायचे, आणि मीही बघणारं कुणी दिसलं की पाठ ताठ करून बसायचे.

एके दिवशी काष्टीहून परत येताना गाडीखाली काहीतरी खणखणलं आणि इंजिन एकदम गर्जना करू लागलं. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं ओरडून सांगितलं, "बाई, तुमच्या गाडीचं आतडं पडलंया!"

ते आतडं म्हणजे सायलेन्सर. गंजून त्याची चाळण झाली होती. नगरच्या मिस्त्रीनं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "हा माल विलायतेहून यायचा. आता लढाई चालू आहे. मुंबईला कळवून बघतो, पण थांबावं लागेल." मी थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला थांबणं ठाऊक नव्हतं, आणि घरात दादा होता.

दादा हायस्कुलात सायन्स शिकवायचा. यंत्र दिसलं की त्याचे डोळे चमकायचे. घरातलं घड्याळ, आईचं शिवणयंत्र, शेजाऱ्यांचा ग्रामोफोन, सगळं त्यानं एकदा तरी उघडून पाहिलेलं होतं, आणि त्यातलं काहीही नंतर पहिल्यासारखं चाललं नव्हतं. हे सारं माहीत असूनही मी त्याला म्हटलं, "दादा, आपण दोघं शिकलेली माणसं. एक साधी नळी आपल्याला बनवता येऊ नये?"

त्यानं लगेच मला शाळेत नेऊन फळ्यावर चित्र काढलं. इंजिनापासून पाण्याच्या नळाचा पाइप निघणार, तो तेलाच्या पत्र्याच्या डब्यात शिरणार, आणि डब्यात कौलांचे तुकडे ठासून भरायचे.

"कौलं कशाला?" मी विचारलं.

"आवाज प्रत्येक तुकड्यावर आपटेल आणि दमेल. दमलेला आवाज बाहेर पडेल तो हळूच."

मला हे इतकं पटलं की मीही त्यात भर घालायला पुढे सरसावले. दादाच्या चित्रात पाइप गाडीच्या पार मागपर्यंत जात होता. मी म्हटलं, "एवढा लांब कशाला? शरीरात नळी जितकी लांब तितके अडथळे जास्त. आखूड ठेव, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा मिळेल." दादा माझ्याकडे कौतुकानं बघत राहिला. त्यानं फळ्यावरचा अर्धा पाइप पुसून टाकला. आम्ही ते चित्र कागदावर उतरवून लोहाराकडे दिलं, आणि त्यानं बिचाऱ्यानं आम्ही सांगितलं तसंच बरहुकूम करून दिलं.

पहिले दोन-चार दिवस खरंच बरे गेले. मग कौलांचे तुकडे तापून फुटायला लागले आणि मागच्या मागे गोळ्यांसारखे सुटायला लागले. त्यातल्या एकानं केडगावच्या वेशीतलं एक मडकं फोडलं. पुढे डब्याचा पत्रा जळून गेला. उरला तो पाइप. त्याला कौलांचे चार-दोन तुकडे आणि पत्र्याच्या चिंध्या चिकटून राहिल्या होत्या, आणि त्याचं उघडं तोंड बरोबर माझ्या बैठकीखाली आलं होतं.

आवाजाचं काय सांगावं! मी नगरच्या वेशीतून निघाले की पुढच्या गावाला वर्दी पोचायची. देवी टोचायला जायचे तेव्हा गावात एक मूल सापडायचं नाही. सगळी कणगीत, माळ्यावर, गोठ्यात दडलेली. दुसरं कुणी असतं तर शरमलं असतं. मी मात्र याचा वेगळा अर्थ लावला. अडलेल्या बाईच्या कानावर माझ्या गाडीचा आवाज आला की तिला धीर येतो, असं मी इस्पितळात सांगत फिरायचे. एका सासूबाईंनी मला सांगितलं, "तुमच्या गाडीचा आवाज आला न् माजी सून घाबरून बाळंतच झाली बघा." हेसुद्धा मी माझ्या यशाच्या बाजूलाच धरलं.

घोडेगावच्या बाजारानं माझी ऐट थोडी उतरवली. नेवाशाकडच्या एका खेड्यातून बोलावणं आलं होतं. बरोबर आमच्या नर्सबाई होत्या. त्या जामखेडच्या बाजूच्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या आणि कुठल्याही प्रसंगात न डगमगणाऱ्या. घाईत तो बाजाराचा वार आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घोडेगावात शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बैल, म्हशी, गाई दाटीनं बांधलेल्या. मी शहाणपणा करून वेग कमी केला. त्याबरोबर पाइपातून असा बार निघाला की मी स्वतःच बैठकीवरून उडाले.

बैलांनी खुंट उपटले. एक म्हैस शेवचिवड्याच्या पालात घुसली. दोन शेतकरी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून बैलाचा सौदा करत होते. ते उपरण्यासकट खाली बसले, आणि उठले तेव्हा बैल नव्हता. "बाँब! बाँब!" असं कुणीतरी ओरडलं. लढाईचेच दिवस, कुणाला खोटं वाटेल?

क्षणात गाडीभोवती माणसांचं कडं पडलं. एक मिशाळ म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, ही गाडी हाय का तोफ?"

मी म्हटलं, "बाबा, पुढच्या गावात एक बाई अडलीय. मला जाऊ द्या. मी इंजिन चालू करते."

"खबरदार किल्लीला हात लावला तर!" म्हातारा गरजला. मग तो मागं वळून म्हणाला, "डाक्टरीनबाई हायत. आडिवनं बरं न्हाई. पन चालू बी करू द्यायची न्हाई. ढकला रं!"

आणि त्यांनी गाडी ढकलली. पागोट्यांचा तो घोळका मोटार ढकलत बाजारातून चालला होता. मी चाकाशी बसून, काहीच करायचं नसताना, उगाच चाक इकडंतिकडं वळवत होते. बाजूला सरून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटचा बैल मागे पडल्यावर म्हाताऱ्यानं हात वर केला. "आता करा चालू. आन् येताना दुसऱ्या वाटंनं या." बाळंतीण आणि मूल दोन्ही सुखरूप झाली. मी दुसऱ्या वाटेनं परत आले.

एवढ्यानंही मी सुधारले नसते. पण एव्हाना माझं डोकं दुखायला लागलं होतं. दौऱ्यावरून आलं की कपाळ ठणकायचं, मळमळायचं, जेवणावर वासना नसायची. मी डॉक्टर असल्यामुळे निदान झटकन केलं: मलेरिया. कोयनेल घेतलं. उतार पडला नाही, तेव्हा डोळ्यांना नंबर असणार असं ठरवून चष्मा करवून घेतला. चष्म्यानं डोकं दुखायचं थांबलं नाही, फक्त रस्त्यातले खड्डे मोठे दिसू लागले. मग रक्त कमी असेल म्हणून लोहाचं औषध सुरू केलं. नर्सबाईंचंही डोकं धरायचं. त्यांना मी माझ्या देखरेखीखाली दुप्पट कोयनेल दिलं. वाटेत त्या खिडकीची काच खाली करून तोंड बाहेर काढायच्या, तेव्हा मी त्यांना रागवायचे, "नर्सबाई, धुळीनं घसा धराल. काच वर घ्या." त्या मुकाट्यानं काच वर घ्यायच्या.

लढाई संपली, तरी डोकं दुखतच होतं. त्या थंडीत जामखेडला एका घरी अवघड बाळंतपण पार पडलं. घरच्यांनी पाय बांधून एक तरणाबांड कोंबडा आम्हाला दिला. सकाळी निघालो. बोचरा वारा सुटला होता, म्हणून सगळ्या काचा घट्ट लावल्या आणि कोंबडा मागे पायाशी ठेवला. गाडीच्या लाकडी तळाला फटी होत्या, हे मला माहीत होतं. पण त्याचा कशाशी संबंध लावावा असं कधी सुचलं नव्हतं.

जामखेडहून नगरला येताना मध्ये निजामाच्या मुलखाचा पट्टा लागायचा. तिथल्या नाक्यावर झडतीसाठी गाडी थांबवत. शिपायानं मागचं दार उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "बाई, ये मुर्गा तो गया."

कोंबडा मान टाकून पडला होता. नर्सबाईंनी खाली उतरून त्याला चाचपलं. "धुगधुगी हाय अजून," त्या म्हणाल्या. "मरायच्या आत कापू या. शिपाईदादा, सुरी हाय का?"

मी सवयीनं कोंबडा उचलून तपासायला घेतला. आधी पोट बघितलं, मग चोच उघडून घसा बघितला. मग तुऱ्याकडे लक्ष गेलं. मरायला टेकलेल्या कोंबड्याचा तुरा काळवंडायला हवा. याचा लालभडक, नुकताच रंगवल्यासारखा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांचं प्रकरण मी कॉलेजात तोंडपाठ केलं होतं. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, गुंगी, आणि कातडीला न शोभणारी लाली. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला होता आणि माझं उत्तर प्रोफेसरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. त्या उत्तरात मोटारीच्या धुराचाही उल्लेख होता. तो मीच केला होता.

मी खाली वाकून गाडीखाली पाहिलं. आम्ही आखूड केलेल्या त्या पाइपाचं तोंड, आणि त्याच्या वर फटीच फटी.

"नर्सबाई," मी म्हटलं, "आपल्याला मलेरिया नव्हता."

"मग काय हुतं?"

"गाडीचा धूर. तो आत येतोय. आपण इतके दिवस तो हुंगतोय."

"मग ते कोयनेल?"

"चुकून दिलं."

"चुकून? माजं कान अजून वाजत्यात त्या कोयनेलानं!"

तेवढ्यात वाऱ्यावर धरलेल्या कोंबड्यानं एक डोळा उघडला, मान सावरली आणि माझ्या मनगटाला कडकडून चोच मारली. शिपाई हसत सुटला. माझंही हसू आवरेना, मनगटातून रक्त येत होतं तरी. उरलेला रस्ता आम्ही सगळ्या काचा उघड्या टाकून, कुडकुडत, घोंगडी पांघरून काटला. कोंबडा नर्सबाईंच्या मांडीवर होता. त्याला कापायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि पुढे इस्पितळाच्या आवारात त्याला कुणाला हातही लावू दिला नाही.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं बोटानं हवेत ते चित्र पुन्हा काढून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे कौलांची कल्पना बरोबरच होती. पाइपच आखूड पडला." पाइपापुरतं ते खरं होतं, आणि तो आखूड मीच करायला लावला होता, म्हणून मला जास्त झोंबलं.

तेव्हा नगरच्या छावणीतला लष्करी माल विकायला निघाला होता. मिस्त्रीनं त्यातून जुळणारा सायलेन्सर आणि पुरता लांब पाइप शोधून ठेवला. दादानं तो सायलेन्सर पाहिला, बोटानं वाजवला आणि त्याचे डोळे चमकले. "याला इथं जरासं कापून..."

"दादा, कापायचं नाही."

"नुसतं भोक..."

"भोकही नाही."

मग निदान जुना पाइप मी स्वतः काढणार, असा त्यानं हट्ट धरला. तो गाडीखाली शिरला. बराच वेळ ठोकाठोक, घामाघूम, आणि अचानक पाइप सुटला तो सगळा साठलेला काजळीचा ढीग, कौलांच्या चुऱ्यासकट, त्याच्या तोंडावर. तो सरपटत बाहेर आला तेव्हा डोळे सोडून काहीच पांढरं नव्हतं. नेमके त्याच वेळी त्याचे हेडमास्तर रस्त्यानं चालले होते. थबकून ते म्हणाले, "मास्तर, आज प्रयोग आहे वाटतं?"

मिस्त्रीनं तो पाइप उचलून निरखला. "ही करामत कुणाची?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "होता एक जण," दादा काजळी पुसत म्हणाला. "आता नगरात नसतो."

मिस्त्रीनं नवा सायलेन्सर बसवला, पाइप पार मागपर्यंत नेला, तळाच्या फटींवर पत्रा ठोकला. मी गाडी चालू केली आणि काही ऐकूच आलं नाही. बंद पडली असं समजून मी पुन्हा स्टार्टर दाबला. इंजिनानं असा कडकडाट केला की मिस्त्री हात जोडून धावत आला. "बाई, चालू आहे! चालू आहे!" कितीतरी दिवस मी ही चूक करत राहिले. डोकेदुखी मात्र त्या आठवड्यातच गेली. चष्मा मी पेटीच्या तळाशी टाकला.

नव्या सायलेन्सरसह मी आणि नर्सबाई पहिल्यांदाच श्रीगोंद्याकडे निघालो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, गाडी कशी लोण्यासारखी चाललेली. मी खुशीत एक वळण जरा जोरातच घेतलं. तेव्हा शेजारून बारीक आवाजात काहीतरी आलं. मी कान दिला.

"प्रभू, सांभाळ," नर्सबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. "हिला वळान दिसत न्हाई, खड्डा दिसत न्हाई, समोरची गाडी बी दिसत न्हाई. आंधळी हाय का काय, तुलाच ठावं. आज तेवढं घरी पोचीव."

मी गाडीचा वेग कमी केला. "नर्सबाई, काय म्हणालात?"

त्यांनी दचकून डोळे उघडले. "तुमाला आयकू येतं व्हय आता?"

"येतं की."

त्या अवघडल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "मग आज मोठ्यानंच म्हनते. निदान तो न्हाई तर तुमी तरी आयकाल."