अफू सुटली, उपास लागले

माझी पहिली मुलगी जन्मतःच गेली. बाळंतपणात धरलेली कंबर काही केल्या सुटेना, म्हणून सुईणीने मला मुगाएवढी अफूची गोळी दिली. कळ थांबली, आणि मुलीची आठवणही जरा लांब जाऊन बसली. पुढे कंबर बरी झाली तरी मी गोळी घेतच राहिले. कल्याणात अफूचं परवान्याचं दुकान होतं. भांडी घासायला येणारी बाई तिथून मला आणून देई. त्या काळी रडणाऱ्या पोरांनाही अफू चाटवत, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या माझ्या पदराने पेट घेतला आणि मला कळलंच नाही. यजमान स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते, ते नेमके जेवायला घरी आलेले. त्यांनी घागर माझ्या अंगावर ओतली. मग माझी अफूची डबी शोधून काढली, परसात पुरली आणि भांडीवालीला दम भरला.

त्यानंतर माझे जे हाल झाले ते शत्रूचेही होऊ नयेत. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटऱ्यांत गोळे, भर उन्हात हुडहुडी. अन्नाचा वाससुद्धा सोसेना. श्रावणातला सोमवार होता. मी ताटाला हात लावला नाही हे पाहून सासूबाईंना वाटलं, मी कडक उपास धरलाय.

"पाण्याचा घोटही घेतला नाही हो हिने," त्या शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून मी माझं कौतुक ऐकलं नव्हतं. मी तो समज तसाच राहू दिला.

दुपारी उरलीसुरली भूकही मेली, आणि अंग एकदम हलकं झालं. डोकं स्वच्छ, हातपाय जणू दुसऱ्याचे. सगळं होतं तिथेच होतं, पण मला बोचत नव्हतं. मी देवापुढे बसले आणि रडले. मला वाटलं, देवाला माझी दया आली.

पुढच्या सोमवारी पुन्हा उपास केला. मग गुरुवार धरला, प्रदोष धरला, शनिवार धरला. जेवणाच्या दिवशी मी चिडचिड करी आणि उद्याची वाट बघे. अफूची आठवण येईनाशी झाली होती. यजमान खूश होते, सासूबाईंना तर मला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. बायका वाकून नमस्कार करू लागल्या. एक जण तापाने फणफणलेलं मूल घेऊन आली. म्हणाली, "वहिनी, तुमचा हात ठेवा याच्या डोक्यावर."

मी हात ठेवला. त्या कपाळाचा चटका बसला आणि मी घाबरले. आत जाऊन सासूबाईंना म्हटलं, "माझ्या हातात काही नाही हो. ही भक्ती नाही. मला उपासाची तल्लफ येते."

"देवाची तल्लफ आली तर त्यात वाईट काय?" त्या म्हणाल्या.

यजमान जेवायला आले तेव्हा त्यांना विचारलं, "अहो, मी सुधारले ना?"

ते म्हणाले, "अगं, मला यातलं कळत नाही. पण उपासाच्या दिवशी दुपारी तुझा चेहरा तसाच दिसतो."

"कसा?"

"डबी होती तेव्हासारखा."

मला त्यांचा राग आला. मग वाटलं, खरं असेल. मग वाटलं, खरं असलं म्हणून देव खोटा ठरतो का? त्याच विचारात मी त्यांच्या पानात दोनदा मीठ वाढलं.

दुसऱ्या दिवशी प्रदोष होता. दुपारी मी स्वतःचं पान घेतलं. भात, वालाचं बिरडं. पहिला घास तोंडात फिरत राहिला. सासूबाई दारात उभ्या होत्या. "व्रत मोडलंस," एवढंच म्हणाल्या. मी रडत रडत पान संपवलं. त्या संध्याकाळी ना हलकं वाटलं, ना पुण्य लागल्यासारखं वाटलं. नुसतं पोट जड झालं, आणि खूप दिवसांनी मुलीची आठवण आली, अगदी जवळ येऊन बसली.

सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला. बायका यायच्या थांबल्या. ते मूल बरं झालं. त्याच्या आईने ते माझ्या हाताने झालं म्हणून नारळ आणून दिला, आणि तो घ्यावा की परत करावा हेही मला ठरवता आलं नाही. शेवटी भांडीवालीने तो फोडून सगळ्यांना वाटला.

हळूहळू मी रोज जेवायला शिकले. एकादशी तेवढी ठेवली, तीही सासूबाईंसाठी. अजूनही एखाद्या एकादशीला दुपारी ते हलकेपण येतं. मी हात जोडते, पण ते नक्की कुणापुढे, हे मला आजही सांगता यायचं नाही.