मऊ धोतराचे लंगोट
सासूबाई गेल्यावर आज पहिल्यांदा त्यांची पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासरशी बेंबळी गावातली ती दुपार आठवली. विकतच्या डायपरनं बाळाच्या मांड्या सोलवटल्या होत्या, म्हणून सासूबाई येरमाळ्याला देवीला गेलेल्या असताना मी याच पेटीतलं मऊ धोतर फाडून लंगोट शिवले, धुऊन दोरीवर टाकले. त्या परतल्या आणि दोरीपाशीच थबकल्या. "ह्यांचं एवढंच धोतर ठिवलं हुतं म्या." सासऱ्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंनी एकेक लंगोट चाचपला. "शिवण बाहीरनं घालावी. लेकराला टोचती." मग उंबऱ्यावर बसून त्यांनी ते उसवायला घेतले. आज पेटीच्या तळाशी एक लंगोट सापडला, घडी घातलेला. त्याची शिवण अजून आतूनच आहे.