माणसं बसती करणाऱ्या ताई

"पाय खाली सोडा. जरा जग बघा."

हे म्हणता म्हणताच ताईंचा एक हात पेशंटच्या मानेखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली गेलेला असायचा. तो बिचारा "अहो सिस्टर, नको नको" म्हणेपर्यंत त्याचे पाय खाटेवरून लोंबकळत असत, पाठीला उशी लागलेली असे आणि ताई खिडकी उघडायला निघालेल्या असत. महिनाभर अंथरुणात पडलेला माणूस पहिल्यांदा उठून बसतो, ते तुम्ही कधी पाहिलंय? तो आधी स्वतःच्या पायांकडे बघतो आणि मग उगाचच लाजून हसतो. ते हसू बघायचं ताईंना व्यसन होतं.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. वाशी निम्मी बांधून झालेली, निम्मी अजून नकाशातच. आमचं हॉस्पिटलही नवंकोरं. भिंतींना रंगाचा वास यायचा आणि खाडीवरचा वारा सुटला की चादरींवर सिमेंटची धूळ बसायची. मी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकलेली. नवऱ्याने इथे फ्लॅट घेतला म्हणून पूल ओलांडून आले. वय पंचविशीचं आणि नाक पार वर. ताई चाळिशी उलटलेल्या, इथल्याच खाडीकाठच्या गावातल्या. पनवेलच्या पुढे लकव्याने कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी एका ट्रस्टची संस्था होती. ताईंची सगळी नोकरी तिथे झालेली. संस्था चालवणारे म्हातारे शेठ वारले, मुलांनी कुलूप लावलं आणि ताई आमच्या हार्टच्या वॉर्डात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांना इथलं काम शिकवायचं मेट्रनने माझ्या गळ्यात घातलं. शिकवणार काय, कपाळ! आम्ही धावायचो, तेव्हा ताई चालायच्या. वर आम्हालाच म्हणायच्या, "धावू नका गो, पेशंट घाबरतं." इंजेक्शन मात्र असं द्यायच्या की लहान मूलही रडू नये.

त्यांना खरा धक्का बसला तो पेशंट घरी जातात याचा. एक दिवस त्या रिकाम्या खाटेपुढे उभ्या होत्या.

"यो मानूस कुठं गेला?"

"डिस्चार्ज दिला, ताई. सकाळीच गेला."

"मना न सांगता?"

आठ दिवसांत त्याच्या नातवंडांची नावं त्यांना पाठ झाली होती. त्यांना ते फारच लागलं. "आमच्याकडं मानूस आला की राहायचा," म्हणाल्या. मी विचारलं, "राहायचा म्हणजे किती दिवस?" तर शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे मरेपर्यंत." मला हसू आलं, पण मग त्यांच्या तोंडाकडे बघून ते आवरलं.

नातेवाइकांशीही त्या तशाच. आम्ही दोन वाक्यांत बोळवण करायचो. ताई त्यांना स्टुलावर बसवून सगळं सांगायच्या; काल रात्री काय बिघडलं, औषध द्यायला कोणाला उशीर झाला, सगळं. मेट्रन चिडल्या की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लपवून काय करायचं? उद्या परत तोंड दाखवायचं हाय." तिकडे एकेका पेशंटच्या घरच्यांशी त्यांची वर्षानुवर्षांची गाठ असायची. आमच्याकडे आजचा नातेवाईक पुढच्या आठवड्यात ओळखही देत नसे.

एक गोष्ट मात्र मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावली होती. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला सुरुवातीचे दिवस हलवायचं नाही, बसवायचं नाही. तेव्हा तसाच नियम होता. ताईंना ते पटेना. "पडलेलं मानूस पडूनच जातंय. मी डोल्यांनी बघलंय."

"हा आजार वेगळा आहे, ताई. इथे पडून राहणं हेच औषध."

त्यांनी मान डोलावली. मग राउंडच्या वेळी त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायला लागल्या. हात मोकळे राहिले तर कोणाच्या तरी मानेखाली जातील, अशी त्यांची त्यांनाच भीती होती. आम्ही पोरी त्यावरून त्यांना खूप चिडवायचो.

त्याच सुमारास अटॅक येऊन दाखल झालेला एक पेशंट बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत फोरमन होता. झुबकेदार मिशा, आवाज खणखणीत, आणि आडवं पडून राहावं लागतं याची विलक्षण लाज. त्याची बायको रोज चारला पेजेचा डबा घेऊन यायची. डोळे कोरडे ठेवून त्याला भरवायची आणि मग जिन्यात बसून रडायची. हे त्याला कसं कोण जाणे, कळलं होतं. एका दुपारी तो ताईंना म्हणाला, "सिस्टर, एकदाच बसवा. मी असा आडवा असलो की ती मला मेलेलाच धरते."

मी तेव्हा पलीकडच्या टोकाला नव्याने आणलेल्या पेशंटपाशी होते. परत आले तो फोरमनसाहेब पाय खाली सोडून बसलेले, भांग पाडलेला, मिशा सारख्या केलेल्या. बायको स्टुलावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मला बघताच ताई म्हणाल्या, "निजवते आता." लगेच निजवलंही. बायको खुशीत घरी गेली.

अर्ध्या तासात तो गेला. आम्ही छाती दाबली, इंजेक्शनं दिली, डॉक्टर धावत आले, जे जे करतात ते सगळं केलं. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "हार्टमध्ये काही उरलंच नव्हतं. पडून राहिला असता तरी वाचला असता, असं मी सांगू शकत नाही." मेट्रनने ताईंना केबिनमध्ये बोलावून खडसावलं. हॉस्पिटलपुरतं प्रकरण तिथे मिटलं आणि संध्याकाळी त्या खाटेवर दुसरा माणूस आला.

ताई बदलल्या त्या तेव्हापासून. चार्ट चोख, औषधं वेळेवर, तोंडातून जास्तीचा शब्द नाही. मेट्रन खूश झाल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नसे. ज्याला बसवायला डॉक्टर स्वतः सांगायचे, त्या पेशंटलाही ताई हात लावेनात. "तू बसव, मी उशी धरते," म्हणायच्या.

दिवसकार्य उरकल्यावर फोरमनची बायको आली. हातात कागदात गुंडाळलेली साडी, ताईंसाठी. ताई लिननच्या खोलीत जाऊन बसल्या, ती गेल्यावरच बाहेर आल्या. महिन्याने ती तीच साडी घेऊन पुन्हा आली. मला म्हणाली, "शेवटच्या दिवशी त्या बाईंनी यांना बसवलं. किती दिवसांनी माझ्याशी नीट बसून बोलले हो! त्या एवढ्याशा वेळावर जगतेय मी."

मी आत जाऊन ताईंना म्हटलं, "साडी घ्या आणि गप्प बसा. सांगून तिला काय मिळणार आहे?"

"मंग ती साडी मी नेसू कशी?" ताई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. "बसवायची मनाई व्हती, तरी मी बसवलं." तिने हातातली साडी बाजूला ठेवली.

"नसतं बसवलं तर वाचले असते?"

"मना ठावं नाय."

"डॉक्टरांना?"

"त्यांना बी ठावं नाय."

"मग मला कशाला सांगितलंत?"

रागाने नाही म्हणाली. खरोखरच विचारत होती. तिने साडी उचलली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताई आल्या नाहीत. त्यांनी धाडलेला राजीनामा मेट्रनने फाडला आणि मला त्यांच्या गावी पाठवलं. ताई ओटीवर मासे साफ करत होत्या. चहा केला, माझ्या नवऱ्याची चौकशी केली. मी म्हटलं, "चला परत. तुमच्यावाचून वॉर्ड ओकाबोका वाटतो." त्यांनी हात धुतले, पुसले.

"ती साडीवाली आली व्हती का?"

"नाही, ताई."

"आली तर मना निरोप धाड. तिला तोंड दाखवायला मी येन."

त्यानंतर कितीतरी दिवस चार वाजले, भेटीला येणाऱ्यांची गर्दी जिना चढायला लागली की मी हातातलं काम टाकून दाराशी जायचे. ती कधीच आली नाही. पुढे माझी नोकरी बदलली. शेवटच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या मुलीला मी एकेक पेशंट समजावून दिला आणि मग त्या बाईचं वर्णन सांगितलं. उंच, सावळी, हनुवटीवर गोंदण. आली तर अमुक गावात निरोप धाड.

"का? काय काम आहे?" तिने विचारलं.

"काम काही नाही गं," मी म्हटलं. "तिथे एक जण तिची वाट बघतेय."