सही माझीच आहे

इजिप्तमधल्या पोर्ट सईदच्या कपड्यांच्या कारखान्यात इन्शिराह आणि मी बावीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसलो. ती कॉलर लावायची, मी बाह्या. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली, आणि बावन्नाव्या वर्षी ठरवलं, आता भाड्याच्या घरात मरायचं नाही. नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर पाहिलं, पगाराच्या पावत्या जोडल्या आणि बँकेत कर्जाचा अर्ज टाकला.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. मला सोबत घेऊन गेली. टेबलामागच्या पोरगेल्या साहेबानं तिचा क्रेडिट रिपोर्ट पुढं सरकवला.

"हाज्जा," तो वयाचा मान राखत म्हणाला, "तुमच्या नावावर फ्रीजचे पाच हप्ते थकलेत. असा शेरा असला की घराचं कर्ज मंजूर होत नाही."

"माझा फ्रीज माझ्या लग्नातला आहे रे," ती म्हणाली. मग तिला नवाल आठवली.

नवाल आमच्याच कारखान्यात रोजंदारीवर होती. मुलीच्या लग्नात फ्रीज द्यायचा होता, पण पगाराची पावती नसलेल्या बाईला दुकानदार हप्त्यावर काही देईना. इन्शिराहनं आपल्या नावावर घेऊन दिला. हप्ते नवाल भरायची. पुढं ती दमिएत्ताला राहायला गेली.

साहेबानं आवाज खाली आणला. "सही तुमची नाही, असं लिहून द्या. चौकशी लागेल, शेरा निघेलही."

"पण सही माझीच आहे."

"ते मला कुठं माहितीये?"

"मला माहितीये ना, बाळा."

बाहेर आल्यावर मी तिला फाडून खाल्लं. "शहाणीच आहेस! नवालवर खटला भर, नाहीतर त्या साहेबाचं ऐक!"

"आधी तिला भेटू तर दे."

शुक्रवारी आम्ही दमिएत्ताला गेलो. नवालनं दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि उंबऱ्यातच बसली. नवऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या. घरात एक पलंग उरला होता, त्यावर तो.

"दहादा फोन हातात घेतला," नवाल रडत म्हणाली. "कुठल्या तोंडानं बोलणार?"

"पहिला हप्ता चुकला तेव्हाच बोलली असतीस तर मी भरला असता. माझं नाव तरी वाचलं असतं." इन्शिराहचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. पुढ्यातला चहा तिनं घेतला नाही. निघताना मात्र वळून विचारलं, "पोरीकडं फ्रीज नीट चालतोय का?"

"चालतोय."

"मग बरं."

घरासाठी साठवलेल्या पैशातून तिनं सगळे हप्ते फेडले. मला वाटलं, सुटली. पण बँक म्हणाली, थकबाकी फिटली तरी उशिराची नोंद पुसली जात नाही. वर्षभर व्यवहार चोख ठेवा, मग या.

दुसरी कुणी असती तर तिनं नाद सोडला असता. हिनं वेळेवर फेडीची नोंद व्हावी म्हणून शिलाई मशीन हप्त्यानं घेतलं. दर महिन्याला तारखेच्या आधी दोन दिवस हप्ता भरून यायची. एकदा तापानं फणफणली होती. मी म्हटलं, "दे इकडं, मी भरते." तर डोक्याला फडकं बांधून स्वतःच गेली. त्याच मशीनवर शाळेचे गणवेश शिवून बुडालेली शिल्लक परत उभी केली. मध्ये दोनदा फी भरून रिपोर्ट मागवला. चहाच्या सुट्टीत चष्मा लावून ओळ न् ओळ वाचायची. बाया हसायच्या, "काय गं, निकाल लागला का?"

"लागतोय. एकेक पेपर सुटतोय."

चौदा महिन्यांनी कर्ज मंजूर झालं, मागितल्यापेक्षा कमी. दोन खोल्यांचं घर त्यात बसेना. पाचव्या मजल्यावर एक खोली मिळाली, लिफ्ट नाही. तिनं घेतली.

सामान आम्ही बायांनीच चढवलं. नवाल आली नाही. जमेल तसे फ्रीजचे शे-दोनशे पौंड पाठवायची, पण निम्म्याहून जास्त अजून द्यायचेच होते. चौथ्या मजल्यावर दम लागला तेव्हा मी बोललेच, "आज तरी यायला हवं होतं तिनं."

"आज तिच्या नवऱ्याच्या डायलिसिसचा दिवस असतो," इन्शिराह म्हणाली. "तू पलंगाचा तो पाय नीट धर, भिंतीला लागतोय."